मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते: कायदा, धोरण आणि परराष्ट्र व्यवहारातल्या इंटर्नशिपची तयारी

मार्च संपत आला की एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो: "मे महिन्यात हायकोर्टात इंटर्नशिप मिळेल का?" मिळेलही. पण मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागते आणि ती जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालते. सुट्टीतलं न्यायालय बसतं, मात्र तिथे येतात ती तातडीची प्रकरणं. जिल्हा आणि तालुका न्यायालयांतही त्या दिवसांत थोड्याफार फरकाने हीच परिस्थिती. ज्या वकिलांकडे तुम्ही जाणार, ते एकतर गावी गेलेले असतात नाहीतर पुढच्या टर्मचं ड्राफ्टिंग उरकत असतात. मग चार आठवडे ऑफिसात बसून, एकही उलटतपास न बघता प्रमाणपत्र घेऊन मुलं परत येतात.

हा लेख आहे पदवीच्या मुलामुलींसाठी. बीए-बीकॉम करता करता धोरणाच्या कामात डोकावायचंय, एलएलबी चालू आहे, किंवा परराष्ट्र व्यवहारात काहीतरी करायचं डोक्यात आहे, अशांसाठी. घरात कुणी वकील नाही, ओळखीत कुणी सनदी अधिकारी नाही, हे गृहीत धरूनच पुढचं सगळं लिहिलंय.

आधी कॅलेंडर, मग संस्था

बहुतेक जण आधी संस्थांची यादी करतात आणि मग तारखा बघतात. उलटं करा. तुमच्या हातात नेमके कोणते आठवडे आहेत ते आधी लिहून काढा आणि त्या आठवड्यांत कुठे काम चालू असतं ते पाहा.

न्यायालयांचं वर सांगितलंच. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये नियम बदलून उन्हाळी सुट्टीला 'आंशिक कामकाजाचे दिवस' असं नाव दिलं, तरी एरवीच्या मानाने त्या काळात खंडपीठं मोजकीच बसतात. संसदेचं अर्थसंकल्पी अधिवेशन उन्हाळा तापेपर्यंत आटोपलेलं असतं आणि पावसाळी अधिवेशन साधारण जुलैत सुरू होतं. तेव्हा "मे महिन्यात दिल्लीत जाऊन संसद जवळून बघणार" या बेतात तिकिटाचे पैसे जातील, एवढंच. आपल्या विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन जूनअखेरीस किंवा जुलैत मुंबईत भरतं आणि हिवाळी डिसेंबरात नागपूरला.

यातून निघतं ते असं. मे महिना संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, जिल्हा परिषद यांच्यासाठी चांगला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून पुढे कोर्ट. जूनअखेर ते जुलै आमदारांची कार्यालयं. तुमचं कॉलेज जूनमध्ये सुरू होत असेल तर कोर्टाचं काम सरळ डिसेंबरवर ढकला, त्यात कमीपणा काही नाही. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यात पर्वरी, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच, इतक्या ठिकाणी मुंबई उच्च न्यायालय बसतं. सांगलीच्या मुलाने त्यासाठी मुंबईत खोली शोधायची गरज आता राहिलेली नाही.

दुसरी बाजू अर्जाच्या मुदतीची. इथे मुलं सर्रास चुकतात, कारण उन्हाळ्याच्या कामाची दारं थंडीतच बंद होतात. रिझर्व्ह बँकेची समर प्लेसमेंट घ्या. काम एप्रिल ते जुलैच्या दरम्यान असतं, पण अर्ज भरायचे १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर. महिना २०,००० रुपये विद्यावेतन मिळतं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांबरोबर पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमांना आणि तीन वर्षांच्या एलएलबीला ती खुली आहे, मात्र शेवटून दुसऱ्या वर्षात असलेल्यांनाच. साध्या तीन वर्षांच्या बीए अर्थशास्त्राला ती मिळत नाही, हे कळल्यावर पुष्कळांचा हिरमोड होतो.

नीती आयोगाचं वेगळं. तिथे अर्जाची खिडकी दर महिन्याच्या १ ते १० तारखेला उघडते आणि काही महिने पुढच्या कामासाठी आधी अर्ज करायचा असतो. कालावधी किमान सहा आठवडे, विद्यावेतन नाही, लॅपटॉप स्वतःचा न्यायचा. पदवीच्या मुलांना चौथं सत्र झालेलं असावं लागतं आणि बारावीला ८५ टक्के. ही बारावीच्या टक्क्यांची अट मला तरी पटत नाही, पण आहे ती आहे. एका आर्थिक वर्षात एकदाच अर्ज करता येतो, तेव्हा घाईत अर्धवट भरून संधी घालवू नका.

परराष्ट्र मंत्रालयाची इंटर्नशिप जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर अशा दोन सत्रांत चालते. पदवी झालेली हवी, किंवा शेवटच्या वर्षात असाल तर अभ्यासक्रमात इंटर्नशिप सक्तीची हवी. वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला २५ च्या आत. महिना १०,००० रुपये मानधन आणि दिल्लीला येण्याजाण्याचं विमानभाडं मिळतं. अटी आणि आकडे मंत्रालय अधूनमधून बदलतं, म्हणून त्या सत्राची सूचना मूळ संकेतस्थळावर वाचा. व्हॉट्सअॅपवर फिरणारा फोटो वाचून अर्ज करू नका.

संयुक्त राष्ट्रांबद्दल एकच वाक्य: सचिवालयाच्या इंटर्नशिपला पदवीचं किमान शेवटचं वर्ष लागतं आणि ती बिनपगारी असते, त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी तूर्त तिचा विचार सोडून द्यावा.

पाटीपेक्षा काम बघा

दिल्लीचं नाव सीव्हीवर छान दिसतं, कबूल. पण मोठ्या संस्थेत पदवीच्या मुलाच्या वाट्याला बऱ्याचदा तक्ते भरणं, संदर्भ तपासणं, कार्यक्रमाच्या दिवशी नावनोंदणीच्या टेबलावर बसणं एवढंच येतं. त्याच चार आठवड्यांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बसलेली मुलगी पोटगीचे अर्ज, तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांचे जामीन, लोकअदालतीतल्या तडजोडी हे सगळं डोळ्यांनी बघते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्यातल्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील कुणाला मिळतो ते वाचून गेलात, तर पहिल्याच दिवशी तुमच्याकडे काम सोपवायला समोरच्याला धीर येतो.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी बार कौन्सिलचे २००८ चे नियम एकदा वाचावेतच. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकूण २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला १२ आठवडे इंटर्नशिप लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. गणित करून बघा, दर वर्षी चार आठवडे केले तरच आकडा बरोबर जुळतो. पहिलं वर्ष "अजून काही येत नाही" म्हणून सोडलं की शेवटच्या वर्षी ओढाताण ठरलेली. शिवाय संपूर्ण अभ्यासक्रमात एकदा तरी खालच्या कोर्टात काम करणाऱ्या आणि एकदा अपिलात काम करणाऱ्या वकिलाकडे जायचं असतं. म्हणून माझं सरळ मत: पहिली इंटर्नशिप तालुक्याच्या कोर्टात, आपल्याच गावातल्या वकिलाकडे करा. तिथे कामकाज मराठीत चालतं, दिवाणी आणि फौजदारी दोन्ही बघायला मिळतं आणि जेवायला घरी जाता येतं.

बीएवाल्यांना पर्याय जास्त आहेत आणि ते त्यांना माहीत नसतात. मुंबईत प्रजा फाउंडेशन महापालिकेच्या कारभारावर आकडेवारीनिशी काम करतं. गेटवे हाऊस आणि ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशनचं मुंबई केंद्र परराष्ट्र धोरण आणि शहरांचे प्रश्न हाताळतात. पुण्यात गोखले संस्था आहे, ऊर्जा आणि आरोग्यावर काम करणारी प्रयास आहे, पुणे इंटरनॅशनल सेंटर आहे. बंगळुरूची तक्षशिला आणि दिल्लीची विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी ही नावंही नोंदवून ठेवा. यातल्या प्रत्येक ठिकाणी दर उन्हाळ्यात जागा असतेच असं नाही. विचारावं लागतं.

आमदारांच्या कार्यालयाकडे मात्र फारच कमी मुलं वळतात आणि मला हे कोडंच वाटतं. अधिवेशनाच्या आधी तिथे खरोखर माणसं हवी असतात. तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) तयार करायचे, लक्षवेधी सूचनेसाठी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधण्यासाठी) माहिती जमवायची, मतदारसंघातल्या निवेदनांतून एखादा प्रश्न वेगळा काढून त्यावर दोन पानं लिहायची. आमदार कुठल्या पक्षाचा यावर घरात वाद होईल, पण शिकायला मिळतं ते सगळीकडे सारखंच. अट एकच घाला. काम विधिमंडळाचं असेल, प्रचाराचं नाही, हे पहिल्या भेटीतच हसत हसत पण स्पष्ट बोलून घ्या.

ग्रामीण भागातल्या मुलांना आणखी एक सोय आहे. १ मेला गावोगाव ग्रामसभा भरते. तिला जाऊन बसा, कोण बोललं, कोणते ठराव झाले, महिला किती होत्या, याची नोंद करा. त्या नोंदीवर तुमचा पुढचा अर्ज उभा राहू शकतो, तो कसा ते पुढे सांगतो.

सीव्हीच्या आधी एक पान लिहा

दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या सीव्हीत असतं काय? बारावीचे टक्के, एनएसएस, वक्तृत्वाचं बक्षीस, मॉडेल युनायटेड नेशन्सची दोन प्रमाणपत्रं. सगळ्यांचे सीव्ही सारखे, म्हणून वाचणाऱ्याला कुणीच लक्षात राहत नाही. लक्षात राहतं ते स्वतः केलेलं छोटंसं काम. अर्जासोबत अशा कामाचं एक पान जोडा, ग्रामसभेच्या नोंदीवरचंही चालेल.

ते पान कसं असावं, एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कार्यालयातून कोणती सेवा मिळते, किती दिवसांत, फी किती, पदनिर्देशित अधिकारी कोण, पहिलं आणि दुसरं अपील कुणाकडे, हे दर्शनी भागात फलकावर लावणं त्याने बंधनकारक केलंय. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आता तुमच्या तहसील कार्यालयात जा. फलक आहे का? आहे तर कुठे, दारात की कपाटामागे? त्यावरचा अपिलीय अधिकारी बदलून गेलाय का? रांगेत उभ्या असलेल्या पाच जणांना विचारा, उत्पन्नाच्या दाखल्याला किती दिवस लागायला हवेत ते त्यांना ठाऊक आहे का.

मग लिहा. पहिल्या चार ओळींत प्रश्न. नंतर कायदा काय म्हणतो, कलमासकट. नंतर तुम्ही काय पाहिलं, तारीख आणि वेळेसकट. शेवटी करता येण्यासारखी एकच सूचना, तीही तहसीलदाराच्या अधिकारातली. "जनजागृती व्हायला हवी" ही सूचना नव्हे, तो सुस्कारा झाला. "सेतू केंद्राच्या खिडकीवर तोच फलक मोठ्या अक्षरात लावावा" ही सूचना.

परराष्ट्र व्यवहारातलं पान हवं असेल तर घराजवळचा धागा धरा. नाशिकचा कांदा आणि निर्यातबंदी यांचा बांगलादेशाशी संबंध येतो, रत्नागिरीच्या हापूसचा अमेरिकेतल्या तपासणीच्या नियमांशी, कोकणातल्या बोटींवरच्या खलाशांचा आखातातल्या तणावाशी. संसदेत परराष्ट्र मंत्रालयाला विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं मोफत वाचायला मिळतात. त्यातली दोन-तीन उत्तरं वाचून लिहिलेलं पान, "भारत-चीन संबंध: एक दृष्टिक्षेप" असल्या दहा पानांना भारी पडतं.

आणि एक भांडवल आपल्याकडे असतं ते आपण लपवून ठेवतो. राज्य सरकारचे शासन निर्णय मराठीत निघतात, जिल्हा परिषदेचे ठराव मराठीत असतात, सातबारा आणि फेरफार मराठीत. दिल्ली-बंगळुरूच्या संस्थांना महाराष्ट्रावर काम करायचं असलं की ते वाचणारं माणूस लागतं. तुमची इंग्रजी जेमतेम असेल तरी "मी शासन निर्णय वाचून त्याचा इंग्रजीत गोषवारा करू शकते" हे वाक्य अर्जात ठळकपणे घाला. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या, पण सरकारी मराठी वाचताना अडखळणाऱ्या मुलांनी शासनाच्या संकेतस्थळावरचे चार-पाच निर्णय वाचून सराव करावा. "उपरोक्त विषयास अनुसरून" ची सवय लागायला आठवडा पुरतो.

मेल आणि अर्ज

"रिस्पेक्टेड सर/मॅडम, आय अॅम अ हार्डवर्किंग स्टुडंट" असं सुरू होणारे आणि पन्नास जणांना एकदम पाठवलेले मेल ओळखू येतात. न वाचताच ते मागे पडतात. दहा ठिकाणी पाठवा, पण प्रत्येक मेलमध्ये त्या संस्थेचं तुम्ही वाचलेलं एखादं काम आणि त्यातलं एक निरीक्षण असू द्या. साधारण असा:

"नमस्कार. मी बीए राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या संस्थेचा नगरसेवकांच्या प्रश्नांवरचा अहवाल वाचला. आमच्या नगरपालिकेत अशी नोंद कुणी ठेवत नाही, म्हणून मागच्या तीन सर्वसाधारण सभांचे विषय मी काढले. एका पानाचं टिपण सोबत जोडलं आहे. १ जून ते २६ जून पूर्ण वेळ काम करू शकते. एक्सेलवर तक्ते करता येतात आणि मराठी कागदपत्रं वाचून इंग्रजीत सार लिहिता येतं. पुढच्या आठवड्यात दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?"

बस, इतकंच. तारखा स्पष्ट, येतं ते स्पष्ट, मागणी छोटी. आठ-दहा दिवस उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. दुसऱ्यांदा करू नका, पुढच्या ठिकाणी वळा.

सरकारी कार्यालयात मेल चालत नाही असं नाही, पण कागद चालतो. "प्रति, मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण" असा मराठीत अर्ज लिहा, विषय एका ओळीत, सोबत कॉलेजचं शिफारसपत्र. आवक शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा. कॉलेजचं पत्र मात्र आधीच काढून ठेवा. प्राचार्य सुट्टीवर गेले की त्या एका सहीसाठी पंधरा दिवस जातात.

हल्ली नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीत इंटर्नशिपला क्रेडिट मिळतात. एक क्रेडिट म्हणजे ३० तास, चार क्रेडिटला १२० तास. कॉलेजला कोणत्या नमुन्यात प्रमाणपत्र हवंय, हजेरीवर कुणी सही करायची, हे रुजू होण्याआधी विचारून घ्या. काम झाल्यावर नमुना बदलून मागायला गेलात की दोन्हीकडचे वैतागतात.

पैसे मागणाऱ्यांपासून लांब

"दोन हजार भरा, महिनाभराची ऑनलाइन लीगल इंटर्नशिप, प्रमाणपत्र आणि शिफारसपत्र हमखास." असल्या जाहिरातींचा उन्हाळ्यात सुळसुळाट असतो. काम देण्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर ती विक्री आहे. एखादी संस्था अभ्यासवर्ग घेते आणि त्याची फी घेते, ते वेगळं, पण त्याला इंटर्नशिप म्हणू नका. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगासारख्या ठिकाणी ऑनलाइन अल्पकालीन इंटर्नशिप असते, ती आयोगाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच भरावी.

बिनपगारी कामाचा हिशेब मात्र घरच्यांसोबत बसून मांडाच. दिल्लीत महिनाभर राहणं, खाणं, मेट्रो हा खर्च विद्यावेतनाशिवाय झेपत नसेल तर नाही म्हणायला लाजू नका, आपल्याच जिल्ह्यात काम शोधा. जायचंच असेल तर रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं हे ध्यानात ठेवा. मे महिन्यात झेलमचं किंवा गोवा एक्स्प्रेसचं स्लीपरचं तिकीट शेवटच्या आठवड्यात मिळेल या भरवशावर राहू नका.

रुजू झाल्यावर

पहिल्या दिवशी तीन गोष्टी विचारून वहीत लिहा. मी कुणाला विचारायचं? चार आठवड्यांनी माझ्या हातून काय तयार झालेलं असावं? मधे एकदा तपासून कधी मिळेल? ज्यांनी हे विचारलं नाही ती मुलं तिसऱ्या आठवड्यातही "सर काही काम आहे का" म्हणत दारात उभी असतात.

वकिलाच्या ऑफिसात आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचं बोर्ड, म्हणजे सुनावणीला लागलेल्या प्रकरणांची यादी, बघायची सवय लावा. आपलं मॅटर कुठल्या कोर्टात, कितव्या नंबरला, आज कशासाठी आहे, हे सकाळी सरांच्या आधी तुम्हाला ठाऊक असेल तर अर्धी बाजी मारलीत. ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की मागच्या सगळ्या तारखा दिसतात. खालच्या कोर्टात रोजनामा वाचायला शिका. कोर्टात प्रत्येक तारखेला काय घडलं त्याची ती नोंद असते, आणि तीन वर्षं दावा का रखडलाय ते त्या एका कागदावर दिसतं: साक्षीदार गैरहजर, वकिलांचा मुदतीचा अर्ज, न्यायाधीशांची बदली. 'निशाणी ५' म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज, 'पुरसीस' म्हणजे पक्षकाराने कोर्टाला लेखी कळवलेलं म्हणणं. पुस्तकात हे शब्द क्वचित भेटतात, कोर्टात दर पाच मिनिटांनी. समजला नाही तर क्लार्कला विचारा. वकिलांचा क्लार्क हा त्या ऑफिसातला सर्वांत उपयोगी शिक्षक असतो. दावा दाखल करताना कोर्ट फी स्टॅम्प किती, ऑफिस ऑब्जेक्शन (कोर्टाच्या कार्यालयाने दाखवलेली त्रुटी) कसं दूर करायचं, वकालतनामा कुठे लावायचा, हे तो हातात हात धरून शिकवतो, फक्त त्याच्याशी तोऱ्यात वागू नका.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झालीये. त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच दंड संहितेखाली चालतात, म्हणून दोन्ही कलमं तोंडात हवीत. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ आहे, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये आलंय. पोशाखाचं फार अवडंबर माजवू नका. काळा कोट, पांढरा शर्ट, काळा टाय, बंद काळे बूट. गळ्याचा पांढरा बॅण्ड आणि गाऊन वकिलीची सनद मिळाल्यावर.

धोरणाच्या कामात एखादं विधेयक वाचायला देतील. ते शेवटून वाचायला घ्या. उद्देश व कारणे यांचं निवेदन शेवटी असतं, ते आधी. मग व्याख्या, मग शिक्षेची कलमं, मग नियम करण्याचा अधिकार कुणाला दिलाय ते कलम. खरी ताकद बहुधा या शेवटच्या कलमात असते, कारण सभागृहात ज्यावर चर्चा झाली नाही ते पुढे नियमांतून येतं. पीआरएस ही संस्था संसदेतल्या विधेयकांवर टिपणं काढते, ती मोफत मिळतात. आधी स्वतः विधेयक वाचून पान लिहा आणि मगच तिचं टिपण उघडून ताडून बघा.

गोपनीयतेबाबत कडक राहा. पक्षकाराच्या कागदाचा फोटो, कोर्टातली सेल्फी, "आज एका मोठ्या केसवर काम केलं" अशी पोस्ट, काही नको. कोर्टात मोबाइल बंद, ध्वनिमुद्रण तर नाहीच. केसची कागदपत्रं कुठल्याही एआय चॅटमध्ये टाकून सारांश काढायचा मोह होईल. वरिष्ठांना विचारल्याशिवाय टाकू नका. त्यात कुणाचं तरी नाव, पत्ता, वैद्यकीय अहवाल असतो.

आणि हे मुलींनी वाचावंच, मुलांनीही वाचावं: लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू होतो. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती असावी लागते. वकिलाचं ऑफिस छोटं असेल आणि तशी समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रारीची मुदत साधारण तीन महिन्यांची. "प्रमाणपत्र अडकेल" या भीतीने महिना काढण्यापेक्षा तिथून बाहेर पडा, कॉलेजला सांगा, दुसरी जागा मिळते.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना डायरी ठेवावी लागते आणि तिला गुण असतात. ती दर शुक्रवारी सही करून घ्या. शेवटच्या दिवशी वीस दिवसांच्या नोंदी एका बैठकीत लिहिलेल्या ओळखू येतात, शाई एकच असते. प्रमाणपत्राची आठवण शेवटच्या आठवड्याच्या सोमवारी करा आणि त्यात कामाचं स्वरूप एका ओळीत लिहून मागा. नुसतं "समाधानकारक" पुढे कुठेच कामाला येत नाही. निघताना तुमच्या सगळ्या फाइली नीट नावं देऊन एका फोल्डरमध्ये ठेवून द्या. पुढच्या वर्षी तुमचीच शिफारस मागायची वेळ येते तेव्हा हाच फोल्डर आठवतो.

पदवीनंतर याच वाटेवर दोन मोठे टप्पे आहेत, त्यांची नोंद आत्ताच करून ठेवा. खासदारांसोबत काम करायची पीआरएसची लॅम्प फेलोशिप पदवीधरांसाठी असते. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री फेलोशिपला पदवीला ६० टक्के आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव मागतात, शिवाय मराठी लिहिता, वाचता, बोलता येणं ही अट आहे.